इंजिनातला गाळ ढवळायचा नाही, उपसायचा

मागच्या गळीत हंगामाच्या सुरुवातीची गोष्ट. दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. रात्री साडेदहाला दाजींचा फोन आला, गाडी धारूरच्या घाटात. "ऑइलचा लाल दिवा लागायलाय रे. चढाला नव्हता. आता उतारावर पाय काढला की लागतो, पाय दिला की विझतो."

मी म्हणालो, "दाजी, सपाट जागा बघून गाडी उभी करा, चाकाला दगड लावा, मग इंजिन बंद करा. आता परत सेल मारू नका. सकाळी टोचन करून आणू."

ही गाडी, म्हणजे ट्रक, दाजींनी महिनाभरापूर्वीच घेतलेली. टाटाची १६१३, २००९ सालची सहाटायरी, ६९७ चं टर्बो इंजिन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. साधं, दणकट इंजिन आहे. नीट ठेवलं तर एका माणसाची उमेद संपते पण ते संपत नाही. पण दाजींनी घेतली तेव्हा ती दोन वर्षं कुणाच्या तरी वावराच्या कडेला बाभळीखाली उभी होती. बाहेरून इंजिन चकचकीत धुतलेलं, डिपस्टिकवर नवंकोरं ऑइल. घेताना मला दाखवली नाही, त्याचं वाईट वाटलं, पण बहिणीच्या घरचा पैसा त्यात गेलेला होता. तेव्हा गाडी नीट करणं एवढंच समोर होतं.

सकाळी मी पोचलो तर ढाब्यावरच्या एकाने दाजींना उपाय सांगून ठेवलेला. दोन लिटर रॉकेल ऑइलमध्ये टाका, दहा मिनिटं रेस द्या, सगळी घाण सुटते आणि ऑइलबरोबर खाली येते. रॉकेल मिळालं नाही म्हणून डिझेलचा कॅन भरून तयार होता. मी तो हातातून काढून घेतला. त्या कॅनसाठीच हा सगळा लेख लिहायला बसलोय. हा उपाय आपल्याकडे गावोगाव चालतो आणि त्यानं चांगली इंजिनं मरतात.

मी हे ऐकीव सांगत नाही. १९९८ साली बीडच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड करून नुकताच बाहेर पडलो होतो. टाटाच्या एका छोट्या ट्रकला, ४०७ ला, ऑइल बदलताना डिझेल टाकून फ्लश केलं. खाली डांबरासारखं काळं पाणी आलं, मालक खूश, मी खूश. गाडी नेकनूरच्या पुढं गेली आणि ठोकायला लागली. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, उतरवला तेव्हा ऑइल पंपाची जाळी दुधावर साय यावी तशी काळ्या सायीनं गच्च भरलेली. तिसऱ्या कन्रॉडचं शेल, म्हणजे कन्रॉड आणि क्रँकमधलं पातळ बेअरिंग, फिरलेलं होतं. त्या माणसानं दारची म्हैस विकून क्रँक घासून घेतला. ती म्हैस मला अजून आठवते.

असं का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं काम आपोआप कळेल. जुना गाळ ऑइलमध्ये तरंगत नसतो, तो चिकटून बसलेला असतो. इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, आतल्या बाजूला, हेडच्या कोपऱ्यात, ऑइल परत खाली यायच्या भोकांच्या तोंडाशी आणि चेंबरच्या तळाला. तो तिथं आहे तोवर निदान वाट मोकळी असते. डिझेल किंवा रॉकेल टाकलं की त्याचे पापुद्रे सुटतात, आणि सुटलेला प्रत्येक पापुद्रा शेवटी एकाच ठिकाणी जातो, चेंबरच्या तळाशी असलेल्या ऑइल पंपाच्या जाळीवर. जाळी बुजली की पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. क्रँक आणि शेल यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ पडदा असतो तो तुटतो. जे थोडं ऑइल वर जातं ते डिझेलनं आधीच पातळ झालेलं. फिल्टर भरला की त्यातला बायपास वॉल्व्ह उघडतो आणि गाळलेलं नसलेलं ऑइल थेट बेअरिंगला जातं. तिन्ही संकटं एकदम.

आपल्याकडं विहिरीचा गाळ काढतात तेव्हा कुणी पाणी ढवळून पंप चालू करत नाही. फूटवॉल्व्ह बुजतो हे लेकरालाही माहीत असतं. आधी पाणी उपसतात, मग माणूस उतरतो आणि पाट्या भरून गाळ वर येतो. इंजिनाचंही तसंच. चिकटलेला गाळ हातानं काढायचा, आणि हाताला न लागणारा उरलेला गाळ चांगल्या ऑइलला हळूहळू काढू द्यायचा.

उघडण्याआधी काय बघायचं

गाडी गॅरेजला आल्यावर आम्ही पाना लगेच लावला नाही. आधी तीन गोष्टी बघितल्या.

पहिली, ऑइल टाकायचं झाकण काढून आत बोट घालायचं आणि नखानं खरवडायचं. डिपस्टिकवर भुलू नका, तिच्यावरचं ऑइल कालचं असू शकतं. नखात आलेली घाण काळी, जाड, काकवीसारखी ओघळणारी असेल तर तो ऑइल जळून, काजळी साठून झालेला गाळ. कोरडी, कोळशाच्या भुग्यासारखी असेल तर इंजिन बऱ्याचदा तापलेलं आहे. आणि फेसाळ, चहात पाव बुडवल्यासारखी बदामी असेल तर त्यात पाणी आहे. दाजींच्या गाडीत काळी काकवी होती, साधारण करंगळीच्या पेरभर थर. झाकणाच्या आत मात्र थोडा बदामी फेस.

त्या फेसानं मी थबकलो. पाणी दोन वाटांनी येतं. थंडीत इंजिन पुरतं तापत नाही तेव्हा आतल्या वाफेचं दव झाकणाला धरतं, ते फारसं भीतीचं नाही. पण हेड पॅकिंग फुटलं असेल, ऑइल कूलर आतून गळत असेल किंवा वेट लायनरच्या (सिलिंडरच्या अस्तराला बाहेरून थेट पाणी लागतं अशा) इंजिनात लायनरचे रबर रिंग गेले असतील, तर रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये येतं. मग वरवर कितीही साफ करा, महिन्यात पुन्हा तेच. ओळखायला सोपं आहे. चेंबरच्या तळातलं थेंबभर ऑइल काडीनं घेऊन तापलेल्या तव्यावर सोडायचं, बाहेर अंगणात, चेहरा लांब ठेवून. पाणी असेल तर मोहरी तडतडावी तसं तडतडतं. नसेल तर गुपचूप पसरतं आणि धूर देतं. आमचा थेंब गुपचूप पसरला. रेडिएटरची पातळीही दोन दिवसांत कमी झाली नव्हती. म्हणजे फेस दवाचा.

तव्यासाठी घरातला तवा वापरू नका. आमच्या गॅरेजला एक फुटका ठेवलाय.

दुसरी, ऑइलचा खरा दाब. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर आणि काट्यावर विश्वास नाही, विशेषतः पंधरा वर्षांच्या वायरिंगवर. सेंडर (दिव्याला दाब कळवणारा भाग) काढून तिथं हातातला मेकॅनिकल गेज लावायचा. यासाठी मात्र इंजिन चालू करावं लागतं, आणि लाल दिवा लागलेलं इंजिन चालवणं धोक्याचं आहे. म्हणून आधी पातळी बघितली, गेज लावला आणि गेजवरची नजर न हलवता फक्त एकदा गरम होईपर्यंत चालवलं, ठोक्याचा आवाज आला की बंद करायचं असं ठरवून. दाजींच्या गाडीचा दाब थंड असताना चांगला होता, गरम झाल्यावर आयडलला अर्ध्या किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) आला. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला धरा. ढोबळ हिशोब असा की गरम इंजिनाला दर हजार आरपीएमला दहा पीएसआय, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास, त्याच्या खाली नको. धडधाकट इंजिन त्याच्या बरंच वर असतं.

तिसरी, बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या बाजूनं खाली येणारा दाब. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं ठेवायचं. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल, ब्रीदरच्या (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून रेल्वेसारखा धूर येत असेल, तर रिंग आणि लायनर गेलेत. मग गाळ काढून पैसे घालवू नका, इंजिन उतरवून पूर्ण बांधून घ्या. खालून ठोका येत असेल तरीही तेच. आमच्या गाडीचं झाकण जागेवर राहिलं. दाजींना मी तेव्हा पहिल्यांदा चहा प्यायला सांगितलं.

उपसण्याचं काम

कामाचा क्रम फार महत्त्वाचा आहे. जुनं ऑइल गरम असतानाच सोडायचं, उकळतं नाही, हाताला सोसेल इतपत. रबरी हातमोजे घाला. जळकं ऑइल रोज कातडीला लागणं चांगलं नाही, आमच्या आधीच्या मिस्त्रींचे हात मी बघितलेत. ड्रेन नट काढल्यावर ऑइल जोरात यायला हवं. आमच्याकडं आधी काहीच आलं नाही. भोकात तार घातल्यावर एक काळी गाठ सुटली आणि मग धार लागली. म्हणजे मागच्या मालकाने ऑइल बदललंच नव्हतं, वरून नवं टाकत गेला होता.

मग बॅटरी काढा, चाकांना लाकडी गुटके द्या, आणि गाडी पुढून उचलून लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. मग चेंबर उतरवा. काही गाड्यांत तो पुढच्या अॅक्सलला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला अडतो, तेव्हा जेवढं आड येतं तेवढंच सोडवा, नटबोल्ट कुठले कुठं ते वेगळ्या डब्यात ठेवा.

चेंबर उतरवला, खाली पसरट ट्रे लावला, आणि त्यानंतर वर टॅपेट कव्हर उघडलं. हा क्रम उलटा करू नका. चेंबर जागेवर असताना वरचा गाळ खरवडला तर तो सगळा खाली पंपाच्या जाळीशीच जाऊन बसतो. चेंबर नसेल तर जे पडेल ते ट्रेमध्ये पडतं.

टॅपेट कव्हर उघडल्यावरचं दृश्य मी विसरणार नाही. रॉकरच्या मधल्या दऱ्या पार भरलेल्या, स्प्रिंगचे वरचे दोन वेढे फक्त दिसत होते. गुळाच्या गुऱ्हाळावर कढईच्या कडेला करपलेली मळी जमते ना, हुबेहूब तशी. दाजी वाकून बघत होते, काही बोलले नाहीत.

सगळ्यात आधी पुशरॉडची आणि ऑइल परत जायची भोकं कापडाच्या गुंडाळ्या घालून बंद करा. कापड जुन्या धोतराचं किंवा सुती लुगड्याचं घ्या. सुताचा वेस्ट किंवा गोणपाट अजिबात नको, त्याचे धागे सुटतात आणि तेच जाळीवर जातात. मग चमच्यानं गाळ उचलून डब्यात टाकायचा. लोखंडी पट्टीनं खरवडू नका, हेडवर ओरखडे पडतात आणि पत्र्याचा कीस आत जातो. मी बांबूची चपटी कामटी तासून घेतो, ती कोपऱ्यातही जाते. चमच्यानं जेवढं निघेल तेवढं निघाल्यावर ब्रशला थोडंसं डिझेल लावून पुसायचं, ओतायचं नाही. शेवटी गुंडाळ्या काढून परतीच्या प्रत्येक भोकातून वाकवलेली तार फिरवायची, ट्रेमध्ये गाळ टपटप पडतो तो बघायचा. आमच्या गाडीची मागची दोन भोकं पूर्ण बंद होती. त्यामुळे ऑइल हेडवर साठून राहायचं आणि खाली चेंबरमध्ये कमी पडायचं. उतारावर दिवा लागण्यामागं हेही एक कारण होतं.

सुटे काढलेले भाग, म्हणजे चेंबर, टॅपेट कव्हर, ब्रीदर, हे बाहेर डिझेलमध्ये भिजवून घासले तरी चालतं, तिथं जाळी नाही, शेल नाही. ब्रीदर तर आवर्जून धुवा. तो बंद असला की आतली वाफ बाहेर जात नाही आणि ऑइलशी मिसळून गाळच बनवते.

आता जाळी. ऑइल पंपाच्या तोंडाची जाळी काढून प्रकाशात धरा. आमच्या जाळीचा तीन चतुर्थांश भाग बुजलेला. आणि त्या काळ्या सायीत शेवयांसारखे लाल धागे. ते काय होतं? सिलिकॉन. कधीतरी चेंबरचं पॅकिंग बसवताना कुणीतरी ट्यूब भरभरून लावली होती, बाजूनं आत आलेलं सिलिकॉन वाळून तुटलं आणि जाळीवर येऊन बसलं. म्हणून सांगतो, पॅकिंग असेल तर सिलिकॉन जवळजवळ लागतच नाही, लावायचंच तर कोपऱ्यात अगदी पातळ.

पंपाचा दाब सोडणारा वॉल्व्हही उघडून बघा. त्यातला पिस्टन किंवा गोळी स्प्रिंगवर मोकळी हलायला हवी. गाळात अर्धवट उघडी अडकली असेल तर नवा पंप टाकूनही दाब मिळत नाही, आणि लोक उगाच पंप बदलत बसतात.

चेंबर उतरलेलाच आहे तर बिग एंडची, म्हणजे कन्रॉडच्या क्रँककडच्या टोकाची, शेल बघायची संधी सोडू नका. एका वेळी एकच कॅप उघडा, कुठला कॅप कुठल्या बाजूनं होता ते खुणेनं लिहा, अदलाबदल झाली की इंजिन गेलं. शेलचा वरचा थर राखाडी असतो. त्याखाली तांब्याचा रंग दिसायला लागला, किंवा नख अडकेल अशी रेघ असेल, तर शेल बदला. आमची दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरची तांबूस झालेली, क्रँक मात्र गुळगुळीत. म्हणून क्रँकला हात न लावता सहाही जोड्या त्याच मापाच्या नव्या टाकल्या. क्रँक आधी घासलेला असेल तर शेल मोठ्या मापाचं लागतं, जुन्या शेलच्या पाठीवर माप कोरलेलं असतं ते वाचून आणा. आवळताना टॉर्क पाना, आकडा पुस्तकातला. हाताच्या अंदाजानं कन्रॉड आवळू नका, अंदाज कितीही चांगला असला तरी.

टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी काढून फुंकून बघितली तर हवा जेमतेम जात होती. ती आतून कोळसा धरते. साफ होत नसेल तर बदलूनच टाका, टर्बोच्या किमतीपुढं नळी काहीच नाही.

गाळ आला कुठून

साफ करून थांबलो असतो तर पुढच्या पाडव्याला हेच काम परत केलं असतं. कारण शोधलंच पाहिजे, आणि आपल्या भागातल्या गाड्यांची कारणं बहुतेक सारखीच असतात.

कारखान्यावर गाडी नंबराला लागते तेव्हा रात्रभर काय चालतं? दर अर्ध्या तासाला सेल मारायचा, दोन गाड्यांइतकं पुढं सरकायचं, बंद करायचं. डिसेंबरची थंडी. इंजिन कधीच पुरतं तापत नाही. अर्धवट जळलेलं डिझेल, काजळी आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरतात आणि तिथंच राहतात. गाडी किलोमीटरनं फार चाललेली दिसत नाही, पण ऑइल मात्र संपलेलं असतं. त्यामुळे ऊस वाहतुकीच्या गाडीचं ऑइल नुसतं किलोमीटर बघून बदलू नका. पुस्तकात सांगितलंय त्याच्या निम्म्यावर बदला. मीटर बंद असेल तर खेपा मोजा.

दाजींच्या गाडीत थर्मोस्टॅटच नव्हता. "गाडी तापायलीय" म्हणून कुणीतरी काढून फेकला होता. हे आपल्याकडं सर्रास होतं. थर्मोस्टॅट नसला की हिवाळ्यात इंजिन थंड चालतं, आणि उन्हाळ्यात ज्या कारणानं तापत होतं ते कारण तसंच राहतं. ते कारण रेडिएटरमध्ये सापडलं. वरची टाकी उघडल्यावर नळ्यांच्या तोंडाशी पांढरा क्षार, चुन्यासारखा. बोअरचं पाणी. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या साली माणसाला प्यायला नव्हतं तिथं रेडिएटरला चांगलं पाणी कोण घालणार, हे मला कळतं. पण हिशोबही तसाच आहे. ऑइलचं तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की ते खराब होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. मेच्या उन्हात भरलेली गाडी, क्षारानं अर्धं बुजलेलं रेडिएटर, मग ऑइलची काकवी होणारच. रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून, घेतलं, नवा थर्मोस्टॅट बसवला, आणि पाण्याऐवजी तयार मिळणारं कूलंट भरलं. ते परवडत नसेल तर निदान कूलंटचं कॉन्सन्ट्रेट आणून बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. बोअरचं नको, आरओच्या मशीनमागून वाहून जाणारं तर मुळीच नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

एक तपासणी आणखी. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढत असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर डिझेल फवारणारे नोझल गळतायत किंवा डिझेल पंपाचं सील गेलंय. आमचे नोझल तपासायला पाठवले, दोन थेंब थेंब टपकत होते.

पुन्हा चालू करताना

नव्या पॅकिंगवर चेंबर बसवा, बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, बेताने. चेंबरचा पत्रा बोल्टच्या भोकांशी वाकलेला असेल तर आधी सपाट करा, नाहीतर कितीही आवळा, गळतंच.

ऑइल १५डब्ल्यू-४०, डबड्यावर सीआय-४ किंवा त्याच्या वरची श्रेणी लिहिलेली. या गाडीला फार महागड्याची गरज नाही, पण सीलबंद हवं. ड्रमातून सुट्टं मिळणारं ऑइल घेऊ नका. चांगल्या डिझेल ऑइलमध्ये धुणारी द्रव्यं आधीच असतात. वेगळी फ्लशची बाटली टाकायची मला गरज वाटत नाही, आणि इतका गाळ असलेल्या इंजिनात तर मी ती टाकतच नाही.

नवा फिल्टर उभा बसत असेल तर आधी ऑइलनं भरून बसवा. टर्बोच्या ऑइलच्या तोंडात थोडं ऑइल सोडा. मग स्टॉपरची तार ओढून धरायची, म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि दहा-दहा सेकंद सेल मारायचा, मध्ये मोटार थंड होऊ द्यायची. गेजवर दाब दिसला की मगच चालू करायचं. आमचा दाब तिसऱ्या खेपेला उचलला. पंधरा मिनिटं आयडलला, रेस नाही. गरम झाल्यावर आयडलला दीड किलो, रेस दिल्यावर साडेतीनच्या वर. दाजींनी गेजची काच बोटानं पुसून पुन्हा वाचला.

काम इथं संपत नाही, कारण गॅलरीत (इंजिनातल्या ऑइलच्या वाटांत) आणि कोपऱ्यांत थोडा गाळ राहतोच. तो नवं ऑइल हळूहळू सोडवतं आणि फिल्टरमध्ये नेतं, म्हणून पहिलं ऑइल आणि फिल्टर पाचशे किलोमीटरला काढून टाकायचं. दुसरं दोन हजारांना, तिसरं पाच हजारांना. जीव तुटतो, नवंकोरं ऑइल सोडताना वाईट वाटतं, पण क्रँकच्या खर्चापुढं ते काही नाही. या काळात माल कमी भरा आणि डोळा गेजवर ठेवा. दाब हळूहळू खाली यायला लागला तर जाळी पुन्हा बुजतेय, चेंबर परत उतरवा. लाजू नका, मी दोनदा उतरवलेत.

काढलेला प्रत्येक फिल्टर उघडून बघा. डब्याचा फिल्टर कटरनं वरच्या कडेला कापा, करवतीनं कापला तर तिचा कीस आत पडतो आणि तुम्हाला वाटतं शेल झडतंय. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरायच्या. मऊ काळा लगदा म्हणजे गाळ, तो यायलाच हवा. चमचमणारे कण असतील तर थांबा. चुंबकाला चिकटले तर लोखंड, नाही चिकटले आणि तांबूस असतील तर शेल.

जळकं ऑइल आणि उपसलेला गाळ बंद ड्रममध्ये साठवा. नाल्यात, बांधावर, बोअरच्या आसपास नको, आणि वीटभट्टीला जाळायलाही देऊ नका. जळकं ऑइल कायद्यानं घातक कचरा आहे, परवाना असलेले लोक ते विकत घेऊन जातात. ड्रम भरायला आला की आमच्याकडं गाडी येते.

दाजींचा पहिला फिल्टर काळ्या लगद्यानं भरलेला निघाला, एका मुठीत मावेल इतका. दुसऱ्यात त्याच्या निम्मा. तिसरा संक्रांतीनंतर उघडला, घड्यांमधला कागद दिसत होता आणि चुंबक फिरवला तर काही चिकटलं नाही. टर्बोसाठी एवढंच सांगितलंय की भरलेली गाडी थांबवली की दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून मगच बंद करायची. ते काम आता भाचा करतो, मोबाइलवर वेळ लावून. केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला दाजींनी पांढऱ्या ऑइलपेंटनं चौकट आखलीय. तारीख, खेपा, ऑइल, फिल्टर, गरम आयडलचा दाब. शेवटच्या ओळीत दीड किलो लिहिलंय आणि त्याखालची ओळ पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या, आठवड्यासाठी रिकामी ठेवलीय.